हाताची खातरी

करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल विचारलं, तर 'दुष्काळाच्या आधीचा' नाहीतर 'धरणाच्या वक्ताचा' असं उत्तर येतं. दुष्काळ म्हणजे १९७२चा आणि धरण म्हणजे उजनी. एकाने घोटभर पाण्यासाठी वणवण करायला लावली, दुसऱ्याच्या पाण्याने भीमाकाठची गावं गिळली. या तालुक्याने ही दोन्ही संकटं दहा वर्षांच्या आत सोसली.

माझ्या आजीच्या गोष्टी बहुतेक बाहत्तरच्या. ज्वारी जळून गेल्यावर घराघरांतून माणसं दुष्काळी कामावर निघाली. भाकरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची, पोरांच्या हातावर सुकडी. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आजी त्यातली एक, खडी फोडणारी.

सुरुवातीला तिचं माप भरेना. हाताला फोड, फोडावर फडकं, आणि संध्याकाळी खडी मोजायची पेटी अर्धीच. शेजारी दगडकामात मुरलेली एक वडाराची बाई बसायची. तिने आजीची हातोडी धरली आणि म्हणाली, "दगडाची शीर कुठं हाय ते आधी बघ गं, मग हाण. उगं ताकद घालवू नगंस." शीर दिसायला लागली, तशी पेटी भरायला लागली. मग एका संध्याकाळी मुकादमाने माप कमी धरलं. परक्या पुरुषापुढे कधी तोंड न उघडलेली आजी म्हणाली, "पुन्यांदा मोजा." मोजलं, तर पुरतं भरलं. "माझ्या हातानं फोडलं व्हतं, मग भ्यायचं कशापायी?" हे वाक्य ती शेवटपर्यंत तोऱ्यात सांगायची.

पण नुसत्या हिमतीने चूल पेटत नाही. काम मिळालं म्हणून ती हिंमत टिकली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे महाराष्ट्रात १९७७ साली कायदा झाला, आणि काम मागणं हा हक्क ठरला.

पुढे याच जेऊरच्या एका वडाराच्या पोराने सगळ्या महाराष्ट्राला आपल्याकडे वळून बघायला लावलं. ते पोर म्हणजे चित्रपट दिग्दर्शक नागराज मंजुळे. ते दहावीला नापास झाले होते. नंतर पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलं, अहमदनगरला संज्ञापन शिकले. तिथे शिकताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'फँड्री' चित्रपटाच्या शेवटी त्यातल्या जब्या या पोराने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो. २०१६च्या 'सैराट'साठी तर त्यांनी कॅमेरा आपल्याच करमाळा तालुक्यात आणला.

नापास झाल्यावर या पोराला कुणी भाषण दिलं का, मला ठाऊक नाही. पण आजीला कुणी दिलं नव्हतं, हे नक्की. तिला विश्वास आला तो पेटी भरल्यावर, आधी नव्हे. म्हणून खचलेल्या पोराला 'स्वतःवर विश्वास ठेव' एवढंच सांगून मोकळे होऊ नका. त्याला जमेल असं काम द्या, आणि त्यातली शीर दाखवणारं माणूस गाठून द्या.