खिडकीमागचा माणूस

ग्रंथालयांत आता एक नवे यंत्र येऊन उभे राहिले आहे. वाचकाने पुस्तक त्याच्या फळीवर ठेवावे, आपले सभासदपत्र दाखवावे आणि यंत्राने परतीच्या तारखेची चिठ्ठी बाहेर टाकावी, एवढाच सारा व्यवहार. पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड एक बारीकशी चकती आणि तिच्याभोवती तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. तिला स्वतःची वीज नसते. यंत्राच्या लहरी येऊन पोहोचल्या म्हणजे त्यांच्याच बळावर ती आपला क्रमांक सांगते. नोंद झालेले पुस्तक दारातील खांब मुकाट्याने जाऊ देतात, न झालेले असेल तर ते ओरडतात. डेन्मार्कसारख्या देशात तर काही ग्रंथालये दिवसाचे काही तास सेवकांवाचूनच उघडी असतात. वाचक आपल्या पत्राने दार उघडतो आणि आपले काम उरकून जातो. हे पाहिले की मनात जो प्रश्न येतो, तो यंत्राविषयीचा नव्हे. देवघेवीच्या खिडकीमागे बसणाऱ्या त्या गृहस्थाचे आता काय व्हायचे?

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सार्वजनिक ग्रंथालयांत ग्रंथ कुलपाआड असत आणि वाचक खिडकीबाहेर. हवे ते पुस्तक जागेवर आहे की नाही, हे शोधण्यात सेवकांचा दिवस जाई. त्यावर आल्फ्रेड कॉटग्रीव्ह नावाच्या ग्रंथपालाने एक तक्ता प्रचारात आणला. त्यात प्रत्येक ग्रंथाच्या क्रमांकाचा एक लहानसा खण असे. ग्रंथ आत असला की एक रंग दिसे, बाहेर गेला की दुसरा. वाचकाने तक्त्यासमोर उभे राहून आपला क्रमांक हुडकावा आणि मगच तोंड उघडावे! सेवकाचे धावणे वाचले हे खरे, पण वाचक आणि ग्रंथ यांच्यामध्ये आणखी एक भिंत उभी राहिली. पुढे १८९४ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागात जेम्स डफ ब्राउन याने वाचकांना थेट मांडण्यांपाशी जाऊ दिले, तेव्हा त्याच्या समव्यवसायींनीच मोठा गहजब केला. चोऱ्या होतील, पुस्तकांची जागा बदलेल, असे ते म्हणत. मनातून त्यांना आणखीही एक भय वाटत असावे. वाचक स्वतःच्या हाताने पुस्तक घेऊ लागला, तर आमचे काम काय उरले?

आपल्याकडे याच काळात ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये निघाले. रत्नागिरी, पुणे येथील वाचनालये तर त्याहूनही जुनी. त्या पिढ्यांनी लोकवर्गणीतून ग्रंथ जमवले, आणि कष्टाने जमवलेले जपून ठेवावे लागते. कुलूपबंद कपाटांचा दोष मी त्यांना देणार नाही. चिठ्ठीवर क्रमांक लिहून ती खिडकीतून आत सरकवायची, ही रीत अनेक ठिकाणी पुढे कित्येक दशके चालली.

आम्ही सिल्वासाजवळ रांध्याला राहणारी माणसे बडोद्याचे नाव नेहमी ऐकतो, ते कारखान्यांमुळे किंवा विद्यापीठामुळे. तेथे एका मराठी राजाने या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्याला लागू केले. शाळेत शिकलेले अक्षर शाळा सुटल्यावर विसरले जाऊ नये, ही चिंता पुढची होती. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालाला बडोद्यास आणले. बोर्डन तीन वर्षे राहिले. महाराजांचा खासगी ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया झाला आणि तेथे मुक्तद्वार पद्धती सुरू झाली. राजाची पुस्तके प्रजेने स्वतःच्या हाताने काढून घ्यावीत, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

परंतु मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. कपाटे उघडताच बडोद्याने सेवकांची संख्या उतरवण्याचा विचार केला नाही; उलट १९११ मध्ये त्यांच्या शिक्षणाचा वर्ग उघडला. ग्रंथांचे वर्गीकरण कसे करावे, तालिका कशी बांधावी, वाचकाला वाट कशी दाखवावी, हे सेवकांना शिकवले जाऊ लागले. पुढील वर्षी ग्रंथालयविषयक एक त्रैमासिक निघाले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. बोर्डन गेल्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी धुरा वाहिली. मोतीभाई अमीन यांच्यासारख्यांनी खेड्यापाड्यांतून वाचनालये उभी केली. गावाने काही रक्कम जमवावी आणि तेवढीच भर सरकारने व प्रांतपंचायतीने घालावी, असा नियम होता. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या गावोगाव जात. मुलांसाठी व स्त्रियांसाठी निराळे विभाग निघाले. खिडकीतून सुटलेले हात असे कामाला लागले. ते आपोआप घडले नाही. कोणीतरी आधी बसून ठरवले होते आणि त्यासाठी खर्चही केला होता.

मुक्तद्वार म्हणजे माणसाची गरज संपणे, हा समज किती पोकळ आहे, ते शाळेतील एक कपाट उघडे ठेवले तरी कळते. वर्गातील मुलांना मी म्हटले, हवे ते पुस्तक घ्या. पहिले दोन दिवस मुले कपाटापाशी जात, पुस्तकांच्या पाठी पाहत आणि रिकाम्या हाताने परत येत. काय मागावे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला यंत्र तरी काय देणार?

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते आणि सेवकांचे वेतन बहुतांशी त्या अनुदानातूनच भागवावे लागते. सरकारी वेतनश्रेणीची त्यांची मागणी कित्येक दशकांची आहे. अशा ठिकाणी यंत्र आले म्हणजे काय होईल? सेवकाचे काम आजवर 'आज किती पुस्तके दिली' या आकड्यावर मोजले गेले. तो आकडा उद्या यंत्राच्या नावावर जमा होईल, आणि कार्यकारी मंडळातील एखादे हिशेबी गृहस्थ विचारतील, मग हे पद कशाला? वाचकाचा वेळ वाचवा, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सूत्ररूपाने सांगितले. सेवकाचा वेळ वाचला तर तो कोणाचा, हा प्रश्न त्या मंडळाने यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वीच सोडवलेला बरा.

मध्यंतरी एका ग्रंथालयात बसलो होतो. एक वृद्ध गृहस्थ यंत्रापाशी आले, त्यांनी पुस्तक ठेवले, चिठ्ठी निघाली. ती त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली. नंतर कोपऱ्यातील टेबलाशी जाऊन तेथील बाईंपुढे धरली आणि विचारले, "ताई, बरोबर आहे ना हे? आणि याचा दुसरा भाग आहे का हो आपल्याकडे?" बाई उठल्या आणि मांडण्यांकडे निघाल्या.