चोप उंच झाला की

माउली, मुक्कामावरच्या समाजआरतीला आपण उभे राहिला असालच. हजारो टाळ एका ठेक्यात वाजत असतात. चोपदार चोप उंच करतात आणि सारा तळ निःशब्द होतो. दरडावणी नाही, दंडा नाही. ही सवय आपल्या अंगी आली कोठून?

ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत पंढरीस नेण्याचा प्रघात तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पाडला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा आळंदीहून स्वतंत्र काढला. हैबतबाबा सातारा भागातील आरफळचे, शिंदे सरकारच्या पदरी सरदारी केलेले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू, नैवेद्याची सेवा पत्करली. रथापुढे कोणती दिंडी, रथामागे कोणती, हे क्रमाने ठरले. कोणत्या प्रहरी कोणते अभंग म्हणायचे, याची भजनी मालिकाही बांधली गेली.

फौजेत राहिलेल्या माणसाची ही मांडणी, हे उघड दिसते. परंतु फौजेत हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि कुरकुर करणाऱ्यालाही शिक्षा! आपल्याकडे काय होते ते पाहा. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ चोप उंच झाल्यावरही वाजतच राहतात. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, मगच ते टाळ थांबतात. भांडायचे तेही टाळानेच. मला तर सगळ्या सोहळ्यात ही रीत फार थोर वाटते. मन मारून गप्प बसणे वेगळे आणि बोलण्याची वेळ व रीत पाळणे वेगळे.

आता आषाढी सरल्यानंतरचे बोलू. तळावर चोप दिसतो म्हणून आपण थांबतो. घरी भावाशी बांधावरून शब्दाला शब्द लागला, तर चोप कोण उंच करणार? हरिपाठ आज राहिला, उद्याही राहिला, तर विचारणारा कोण?

परंपरा सांगते, की चाकरी सोडून गावाकडे परतताना हैबतबाबांना सातपुड्यात भिल्लांनी कोंडून ठेवले होते. तिथे ना दिंडी, ना चोपदार, ना टाळाला टाळ. तरी त्यांचा हरिपाठ चुकला नाही. सुटका झाल्यावर त्यांनी आळंदी गाठली आणि उरलेले आयुष्य माउलींच्या सेवेत घालवले. लाखोंना लागलेल्या शिस्तीचे मूळ मला त्या कोंडलेल्या, एकट्या हरिपाठात दिसते.

आळंदीला महाद्वारात त्यांची पायरी आहे. कार्तिकी सोहळ्याचा आरंभ आजही तिच्या पूजनाने होतो. यंदा दर्शनबारीत शिरण्याआधी तिथे क्षणभर थांबा.