टमाट्याची वंशावळ

मुकुंदराजांच्या काळी आमच्या अंबाजोगाईत टमाटे नव्हते. विवेकसिंधू शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८ चा. तेव्हा टमाटे तर नव्हतेच, पण मिरची, बटाटा, भुईमूग यांपैकीही काही आपल्या देशात नव्हते. आंबट हवे तर चिंच, कैरी, ताक. तिखट हवे तर मिरे. चारशे वर्षांनी पासोडी लिहिणारे दासोपंत झाले, त्यांच्याही ताटात टमाट्याची कोशिंबीर पडली असेल असे मला वाटत नाही!

नमनाला घडाभर तेल घातले, कारण विषयच तसा आहे. माझी एक भाची अमेरिकेत असते. परसात चार वाफे केले आहेत हे कळल्यावर तिने लिहिले, "मामा, एअरलूम टोमॅटो लावा. हायब्रीड नको. अस्सल, जुने, देशी." एअरलूम हा शब्द मी शब्दकोशात पाहिला. त्यातल्या 'लूम'चा जुना अर्थ अवजार, हत्यार. म्हणजे वारसाला मिळालेले अवजार. आपल्याकडे आजीची पाटली किंवा पणजोबांचा अडकित्ता असतो, तसे. बियांच्या बाबतीत अर्थ असा की घरोघरी राखून, पिढ्यान्‌पिढ्या हातोहात पुढे आलेला वाण.

इथवर ठीक. पण टमाट्याला 'देशी' म्हणायचे, तर त्याची वंशावळ पाहायला हवी. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

टमाट्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पट्ट्यातले, पेरू-इक्वेडोरकडचे. शेतात रुजवून त्याला मोठे केले ते मेक्सिकोतल्या लोकांनी. त्यांच्या नाहुआतल भाषेत 'तोमात्ल' हा शब्द होता, तोच घासून टोमॅटो झाला. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत हे फळ युरोपात पोचले. १५४४ मध्ये मात्तिओली नावाच्या इटालियन वैद्याने त्याची नोंद केली. इटलीत नाव पडले 'सोनेरी सफरचंद'. इंग्लंडात मात्र ते विषारी समजून लोक फार दिवस दुरूनच पाहत होते.

भारतात ते पोर्तुगीजांबरोबर आले असे मानतात. पण मिरची जशी झपाट्याने घराघरात शिरली, तसे टमाट्याचे झाले नाही. जॉर्ज वॅट या स्कॉटिश अभ्यासकाने १८८९ पासून भारतातील उपयुक्त वनस्पतींचा मोठा कोश काढला. त्याच्या म्हणण्यानुसार तेव्हाही टमाटे मुख्यतः गोऱ्या लोकांसाठी लावत, इथले लोक नुकते कुठे ते खाऊ लागले होते. साहेबाच्या बंगल्याची बाग आणि छावणी हे त्याचे पहिले मुक्काम. आमचे गाव निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई आणि इथेही हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती.

म्हणजे हिशेब करा. शेपू, अंबाडी, वाल, वांगी यांच्यापुढे टमाटे हे कालचे पोर. आपल्या लोकांनी त्याला नावही सोयरीक लावून दिले. मराठीत काही भागांत 'बेलवांगी' म्हणतात, काही भागांत 'भेदरे'. बंगालीत तर चक्क 'विलायती वांगे'! यात गंमत अशी की लोकांचे बरोबर होते. लिनियसने १७५३ मध्ये टमाट्याला वांग्याच्याच कुळात, सोलॅनम प्रजातीत बसवले. १७६८ मध्ये मिलरने त्याची वेगळी चूल मांडून दिली. अलीकडे जनुके तपासल्यावर शास्त्रज्ञांनी त्याला परत सोलॅनममध्ये आणले. सव्वादोनशे-अडीचशे वर्षे फिरून विद्वान मंडळी बेलवांगीपाशी आली म्हणायची.

आता 'जुने' या शब्दाकडे वळू. माझ्या लहानपणी मोरीच्या पाण्यावर टमाट्याची रोपे आपोआप उगवत. कोणी लावलेली नसत. खरकट्यातून, राखेतून बी पडे आणि झाड येई. फळ चपटे, भोपळ्यासारख्या खाचांचे, देठापाशी हिरवे राही, आणि आंबट असे की चटणीत चिंच लागत नसे. पुढे बाजारात गुळगुळीत, गोल, सगळीकडून सारखी लाल फळे आली आणि आम्ही त्या खाचांच्या फळांना गावंढळ ठरवले.

वास्तविक खाचांचे रूप हेच टमाट्याचे जुने रूप. गुळगुळीतपणा माणसाने निवडून आणला. अमेरिकेत ओहायो राज्यात लिव्हिंग्स्टन नावाच्या बियाणेवाल्याने १८७० मध्ये 'पॅरागॉन' हा एकसारख्या गुळगुळीत फळांचा वाण बाजारात आणला, त्यानंतर सगळ्यांना तसेच फळ हवेसे झाले. देठाकडच्या हिरव्या खांद्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. फळ सगळीकडून सारखे पिकावे म्हणून विसाव्या शतकात तो हिरवा खांदा नसलेली झाडे निवडत गेले. २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संशोधन आले की त्या निवडीत एक जनुक निकामी झाले होते. ते जनुक कच्च्या फळात हरितद्रव्य वाढवून साखर तयार व्हायला मदत करते. दिसायला फळ सुधारले, चवीला थोडे उतरले. आमच्या मोरीवरच्या टमाट्याचा हिरवा खांदा हा दोष नव्हता, तर!

आता मुख्य मुद्दा. शेतकरी बियाण्याचे दोन प्रकार मानतो, सरळ वाण आणि संकरित वाण. सरळ वाणाचे बी धरले की पुढच्या वर्षी तेच झाड येते. संकरित म्हणजे हायब्रीड. त्याचे बी धरले तर पुढच्या पिढीत भाऊबंद वेगळे निघतात, एक उंच, एक बुटका, एकाचे फळ मोठे, एकाचे बारीक. शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकलो तेच. म्हणून दर हंगामाला नवी पुडी विकत घ्यावी लागते. भारतात बंगळुरूच्या एका कंपनीने १९७३ च्या सुमारास टमाट्याचा पहिला संकरित वाण बाजारात आणला आणि नंतर नारायणगाव-पिंपळगावची मोठी टमाटा शेती संकरित वाणांवरच उभी राहिली. त्यात वाईट काही नाही. ज्याला ट्रक भरून माल मुंबईला पाठवायचा आहे त्याला टणक साल हवी, रोगाला दाद न देणारे झाड हवे. पण त्या हिशेबात घरचे बी धरण्याची रीत मोडली. मडक्यात राख घालून त्यात बियाणे ठेवणाऱ्या आमच्या आई-आज्यांना कोणी तज्ज्ञ म्हटले नाही. त्यांच्याबरोबर किती वाण गेले याची मोजदाद कुठेही नाही. बीड जिल्ह्यात बियाण्याच्या पुडीसाठी उसनवारी करणारी घरे मी शिक्षक म्हणून जवळून पाहिली आहेत, म्हणून हे जरा जास्त लागते.

भाचीच्या अमेरिकेतही हेच झाले होते. तिथे १९७५ मध्ये केंट आणि डायेन व्हीली या जोडप्याने बी राखणाऱ्यांची संस्था काढली, 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज'. निमित्त काय, तर डायेनच्या आजोबांनी दिलेले दोन वाण. एक फुलवेलीचा, एक गुलाबी टमाट्याचा. आजोबांचे आईवडील बव्हेरियातून येताना ते बी घेऊन आले होते. मंगळसूत्रासारखे जपून आणलेले बी!

तिथलीच आणखी एक कथा मला फार आवडते. वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावी बायल्स नावाचा रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याने मधोमध एक झाड आणि भोवती गोल करून निरनिराळ्या वाणांची झाडे लावली, हाताने परागीकरण केले, आणि सहा वर्षे निवड करत मोठ्या फळाचा वाण स्थिर केला. १९४० च्या दशकात एकेक रोप एक डॉलरला विकून त्याने घरावरचे सहा हजार डॉलरचे कर्ज फेडले. वाणाचे नाव पडले 'मॉर्टगेज लिफ्टर', म्हणजे गहाण सोडवणारा! आपल्याकडे टमाट्याने गहाण सुटल्याची उदाहरणे शोधावी लागतील. भाव पडला की रस्त्यावर ओतलेले टमाटेच आठवतात.

मात्र बी राखणारे आपल्याकडेही आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. तरी त्यांनी वाल-घेवड्यासह किती तरी गावरान वाण जमवले, बायफ संस्थेच्या मदतीने बीज बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मडक्यातल्या बियाण्याचा सत्कार झाला याचे मला, एका मास्तराला, फार समाधान आहे. आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त कंपनीच्या नाममुद्रेखाली विकायचे नाही.

तेव्हा परसात काय लावावे? भाचीला सांगितले की बाई, तिकडून पुडी पाठवू नकोस. परदेशी बी आणायला सरकारी परवाने लागतात, ते रोगराईच्या दृष्टीने योग्यच आहे. शिवाय तिकडच्या थंड हवेतले वाण आमच्या उन्हाळ्यात फूल गाळतात. रात्री उकाडा असला की टमाट्याला फळ धरत नाही. म्हणून भाद्रपदात रोप टाकावे, दसऱ्याच्या सुमारास वाफ्यात लावावे आणि थंडीत फळ खावे.

माझी निवड अशी आहे. पहिला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा रुबी'. 'सिऊ' हा अमेरिकी वाण आणि 'सुधारित मेरठी' यांच्या संकरातून निवडून स्थिर केलेला, म्हणून आता सरळ वाण. फळ चपटे, किंचित खाचांचे, आंबट. भाजीला उत्तम. दुसरा बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का विकास'. हा 'टिप टॉप' नावाच्या अमेरिकी वाणातून निवडलेला, पाण्याचा ताण सोसणारा. आमच्याकडे पाणी हंड्याने मोजतात, त्यामुळे हा गुण मोठा. आणि तिसरा, कोणाच्या तरी मोरीवर अजून उगवत असलेला तो बिननावाचा, खाचांचा, हिरव्या खांद्याचा. तिन्हींना पांढरी माशी आणि पाने आवळणारा बोकड्या होऊ शकतो, हे आधीच सांगून ठेवतो. घरच्या बागेत दोन झाडे गेली तरी चालते.

बी धरणे अवघड नाही. टमाट्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे वाण सहसा भेसळत नाही. तरी वाणांमध्ये चार हात अंतर ठेवावे. सर्वांत निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ घ्यावे. पहिले चांगले फळ खायचा मोह आवरावा. गर वाटीत काढून दीड-दोन दिवस आंबू द्यावा, म्हणजे बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. तो थर बी उगवू देत नाही. मग धुऊन ताटलीत सावलीत वाळवावे आणि कोरड्या बाटलीत नाव-साल लिहून ठेवावे. चार-पाच वर्षे सहज टिकते.

पुसा रुबी काही पणजोबांचा वाण नव्हे. त्याचे आजोळ अमेरिकेत, मूळ गाव अँडीजमध्ये. पण कोणत्याही बियाण्याला वारसा कुठून तरी सुरू करावा लागतो. डायेनच्या घरीही कोणी तरी पहिल्या वर्षी बी धरलेच असेल. टमाटे साहेबाच्या बागेतून आपल्या मोरीवर आले ते असेच, कोणी तरी बी टाकून आणि कोणी तरी राखून. माझ्या मते देशीपणा गावाच्या नावात नसतो, राखणाऱ्या हातात असतो.

असो. फार लांबले. सध्या माझ्याकडे पुसा रुबीचे दोन वर्षांचे बी आहे. जवळचे कोणी आले तर चिमूटभर देईन. बदल्यात पैसे नकोत. कोणाच्या माहेरी, शेतावर तो खाचांचा आंबट टमाटा अजून येत असेल, तर एक फळ झाडावर पूर्ण पिकू द्या आणि त्याचे बी तेवढे मला पाठवा.