राजगुरूचा डोळा

पडदा अंधारा. तळघरात मिणमिणता उजेड, चंडिकेचे भक्त जमलेत आणि देशाच्या राजाला मारायचं ठरतंय. मग एक डोळा दिसतो. फक्त डोळा. बुबुळ, पापणी आणि त्यात साठलेला राग. माणूस पूर्ण दिसायच्या आधीच त्याला कुणीही 'नाही' म्हणू शकणार नाही हे आपल्याला कळून चुकतं.

हा 'अमृतमंथन'. साल १९३४, निर्मिती 'प्रभात'ची, दिग्दर्शक व्ही. शांताराम. याची नोंद हॉरर म्हणून कुणी करत नाही. पौराणिक म्हणा, पोशाखी म्हणा, असंच सांगतात. पण 'मिडसोमार'पासून 'तुंबाड'पर्यंत जे काही मी पाहिलंय त्यात या सिनेमाला हक्काची जागा आहे. उलट कधीकधी वाटतं, धर्माच्या नावाने माणसं काय करू शकतात याची भीती आपल्याकडे इतक्या थेटपणे फार कमी सिनेमांनी दाखवली.

गोष्ट नारायण हरी आपटे यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवरून घेतलेली. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा देवीपुढच्या नरबळीवर आणि पशुबळीवर बंदी घालतो. (नावातच क्रांती. तेव्हाचे लेखक आडून बोलायच्या भानगडीत पडत नसत.) राजगुरू खवळतो. पण तो स्वतः शस्त्र उचलत नाही. यशोधर्म नावाच्या निष्ठावान माणसाला तो देवीची आज्ञा म्हणून राजाला मारायला सांगतो. काम झाल्यावर त्याच माणसाला वाऱ्यावर सोडतो. शेवट सांगत नाही, नव्वद वर्षांचा जुना असला तरी स्पॉयलर तो स्पॉयलर.

आता तो डोळा. 'प्रभात'ने आधी 'सैरंध्री' रंगीत करायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी शांताराम जर्मनीला गेले होते. रंगांचा प्रयोग फसला. पण त्या वारीत जर्मन सिनेमा त्यांच्या नजरेत भरला. तिथे १९२०च्या 'कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी'त एक डॉक्टर झोपेत चालणाऱ्या माणसाकडून खून करवून घेतो. फ्रिट्झ लांगचा डॉक्टर माबुझे नुसत्या नजरेने लोकांना नाचवतो. सावल्या, तिरपा प्रकाश आणि दुसऱ्याच्या हातांनी गुन्हा करणारा माणूस, हे सगळं 'अमृतमंथन'मध्ये दिसतं. बाकी जगात काय चाललं होतं तेही लक्षात घ्या. जानेवारी १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी गोबेल्सने लांगच्या नव्या माबुझेपटावर बंदी घातली.

डोळ्याच्या त्या शॉटसाठी टेलिफोटो लेन्स वापरली. आपण फोनवर दोन बोटांनी झूम करतो, त्यामुळे यात विशेष काय असं वाटेल. पण साधी लेन्स घेऊन डोळ्याजवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली चेहऱ्यावर पडते, नाकडोळे फुगलेले दिसतात. टेलिफोटोने कॅमेरा लांब ठेवून डोळ्याने पडदा भरता येतो. शिवाय बोलपट येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. बहुतेक सिनेमे नाटकासारखे, समोरून आणि लांबून घेतलेले असायचे. माणसाच्या अंगापासून तोडलेला डोळा तेव्हाच्या थिएटरमध्ये अंगावर आला असेल.

हिंदीतला तो डोळा चंद्रमोहनचा, फिकट रंगाचा, विसरता न येणारा. हाच नट पुढे सोहराब मोदींच्या 'पुकार'मध्ये जहांगीर झाला. मराठीतले राजगुरू केशवराव दाते. तेव्हा डबिंगची सोय नव्हती, त्यामुळे एकच सिनेमा दोनदा चित्रित व्हायचा. सेट तोच, भाषा वेगळी, कधी नटही वेगळे. आमच्या कामात सांगायचं तर एकाच कोडचे दोन बिल्ड, फक्त प्रत्येक ओळ पुन्हा हाताने टाइप करायची. हिंदी आवृत्ती इतकी चालली की रौप्यमहोत्सव करणाऱ्या पहिल्या हिंदी चित्रपटांत तिचं नाव घेतात.

'प्रभात' १९२९ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३मध्ये पुण्याला आली. 'अमृतमंथन' हा पुण्यात तयार झालेला तिचा पहिला सिनेमा. त्याच पुण्यात, त्याच १९३४मध्ये, २५ जूनला गांधीजींवर बॉम्ब फेकला गेला. अस्पृश्यता निवारणासाठी त्यांचा देशभर दौरा चालू होता. जागोजागी सनातनी मंडळी काळे झेंडे घेऊन उभी राहत. पुण्यात नगरपालिकेच्या समारंभाला जाताना गांधीजी ज्या गाडीत असतील असं वाटलं त्या गाडीवर बॉम्ब पडला. ते मागून येणाऱ्या गाडीत होते म्हणून वाचले. काही माणसं जखमी झाली. सिनेमा आणि बॉम्ब यांचं कार्यकारण जोडायची मला घाई नाही. पण रूढी मोडणाऱ्याला मारायचं ही कल्पना तेव्हाच्या पुणेकर प्रेक्षकाला अवंतीइतकी लांबची नव्हती, एवढं नक्की.

एक गोष्ट मात्र मला खटकते. मी कुंभिवलीचा, कर्जत-खालापूर पट्ट्यातला. आमच्याकडे गावदेवीला कोंबडं देणं यात कुणाला भीषण काही वाटत नाही. आजी नवस बोलायची, फेडायची आणि त्या रात्री सगळ्यांना रस्सा मिळायचा. पोरांना तर नवसाची वाटच असायची. सिनेमात मात्र नरबळी आणि पशुबळी एकाच वाक्यात बसतात आणि देवीपुढचं सगळं रक्त सारखंच काळं होतं. ही शहरी, शाकाहारी सुधारकाची नजर आहे, गावातल्या देवळाबाहेर उभं राहून पाहणारी. आमच्या देवीला राजगुरू नाही. तिची आज्ञा म्हणून कुणी कुणाच्या हातात सुरा देत नाही.

तरीही सिनेमा मला पटतो, कारण त्याला रक्तात फार रस नाहीच. त्याला रस आहे तो आज्ञेत. यशोधर्म काही क्रूर माणूस नाही. तो भाविक आहे, आणि म्हणूनच उपयोगी आहे. 'देवीची इच्छा' आणि 'माझी इच्छा' यांतला फरक राजगुरू पुसून टाकतो आणि एका चांगल्या माणसाकडून खून होतो. सुळे दाखवणाऱ्या भुतापेक्षा मला हे जास्त घाबरवतं.

'प्रभात'चा स्टुडिओ आज एफटीआयआयच्या आवारात आहे. तिथून नदीकडे निघालात तर गाडीने काही मिनिटांत ओंकारेश्वराजवळचा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल लागतो. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी तिथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्या कायद्यासाठी ते कैक वर्षं भांडत होते त्याचा अध्यादेश त्यानंतर चार दिवसांत निघाला, आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या लांबलचक नावातला पहिला विषयच 'नरबळी' आहे. क्रांतिवर्म्याची बंदी आणि हा कायदा यांच्यात ७९ वर्षं. दीड वर्षाने, फेब्रुवारी २०१५मध्ये, 'प्रभात'च्या जन्मगावी, कोल्हापुरात, गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या.

दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ला लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले. निकालपत्रात न्यायाधीशांनी म्हटलं की खुनामागचे खरे सूत्रधार कुणी वेगळे आहेत आणि तपास यंत्रणा त्यांच्यापर्यंत पोचू शकल्या नाहीत.

निकालाच्या बातम्या वाचल्यानंतर त्याच आठवड्यात मी 'अमृतमंथन' पुन्हा लावला. यावेळी पहिल्या शॉटपाशीच थांबलो. शांतारामांनी सूत्रधाराचा डोळा सगळ्यात आधी दाखवलाय, खून नंतर.

तुम्ही बघणार असाल तर हिंदी आवृत्ती नेटवर सापडते. प्रिंट खराब आहे, आवाज खरखरतो, गाणी बरीच आहेत. शांता आपटेंची मात्र पुढे ढकलू नका. आणि राजगुरूसाठी केशवराव दाते आवडले तर लगेच 'शेजारी' बघा, १९४१चा. त्यात दाते जिवबा आहेत, मुसलमान मित्र मिर्झाचं दार ज्याला आपल्याच घराचं वाटतं तो. सात वर्षांपूर्वीचा तो राजगुरू हाच, यावर विश्वास बसत नाही.