उधन्यातला कॅप्टन व्योम

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरची सगळी मंडळी जमलेली असताना माझ्या मुलीने विचारले, "पप्पा, तुम्ही लहानपणी टीव्हीवर काय बघायचात?" मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "कॅप्टन व्योम!" तिने लगेच मोबाइलवर त्याचे भाग शोधले, मोबाइल टीव्हीला जोडला आणि माझ्या तेराव्या वर्षीचे दैवत पुन्हा समोर उभे राहिले. पण पहिल्या पाचच मिनिटांत मी गोंधळलो. व्योम हिंदी बोलत होता!

वाचकहो, हसू नका. मालिका दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवरची, हिंदी, हे मलाही ठाऊक होते. पण माझ्या मनातला व्योम इतकी वर्षे चक्क मराठी बोलत होता, आणि तीही आमच्या खानदेशी वळणाची. हा घोटाळा कसा झाला याचा शोध घेताना जे हाती लागले, ते एका मालिकेपुरते नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मालिकेविषयी. 'कॅप्टन व्योम' १९९८ साली आली. तिचे कर्ते केतन मेहता. 'भवनी भवाई' (१९८०), 'मिर्च मसाला' (१९८७) आणि 'सरदार' (१९९३) हे त्यांचे चित्रपट अनेकांना आठवत असतील. त्यांचा जन्म नवसारीचा, म्हणजे सुरतेहून लोकलने जाऊन संध्याकाळच्या जेवणाला परत येता येईल इतक्या जवळचा. व्योम झाला होता मिलिंद सोमण, पोहण्यात राष्ट्रीय पातळी गाजवलेला आणि १९९५ सालच्या 'मेड इन इंडिया' गाण्यामुळे घरोघर पोचलेला. टॉम ऑल्टरही मालिकेत होते. कथा २१२३ सालची. गुरूच्या एका चंद्रावरच्या तुरुंगातून बारा महाभयंकर गुन्हेगार निसटतात आणि साऱ्या जगाचे मिळून जे एक सरकार आहे, ते त्यांना पकडण्याची कामगिरी व्योमवर सोपवते.

या मालिकेलाही पूर्वज होते. 'स्टार ट्रेक' ही मूळ अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ या काळातली, ७९ भागांची. दूरदर्शनने ती ऐंशीच्या दशकात दाखवली. याच दशकात, एप्रिल १९८४ मध्ये, राकेश शर्मा खरोखरच अंतराळात जाऊन आले. दशकाच्या अखेरीस कॅप्टन तारा आणि तिच्या सहकाऱ्यांची 'स्पेस सिटी सिग्मा' आली. १९८९ साली आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' आली. तिच्यात संगणक जुळवता जुळवता मुलांच्या हाती काळातून प्रवास करण्याचे साधन लागते. गिरीश कार्नाड तिच्यात होते आणि पुढे दिग्दर्शक म्हणून नाव काढलेला करण जोहर त्या मुलांपैकी एक होता. यांतल्या पहिल्या मालिका आमच्या थोरल्या भावाच्या वाट्याच्या. माझ्या वाट्याला आला तो व्योम.

आता आमच्या घराविषयी. आबा शिंदखेडा तालुक्यातले. १९७९ साली ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले आणि यंत्रमागाच्या खात्यात कामाला लागले. आमच्या चाळीत एका बाजूला धुळे-नंदुरबारचे लोक, दुसऱ्या बाजूला ओरिसाच्या गंजाम जिल्ह्यातले कारागीर, वर उत्तर प्रदेशचे दोन भाऊ आणि कोपऱ्यातल्या खोलीत सुरती कुटुंब. सप्टेंबर १९९४ मध्ये शहरात प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने सुरत सोडून गेली. आम्हीही गेलो. मी नऊ वर्षांचा होतो. डब्यात तोंडाला रुमाल बांधून बसलेली माणसे एकमेकांच्या खोकल्याकडे कशी बघत होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. परत आलो तेव्हा गल्लीत पावडरचा वास होता. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले, उकिरडे उचलले गेले, रात्री रस्ते झाडले जाऊ लागले आणि थोड्याच काळात सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. ओस पडलेले शहर डोळ्यांदेखत बदललेले ज्या मुलांनी पाहिले होते, त्यांना २१२३ सालचे जग अशक्य वाटण्याचे कारणच नव्हते.

त्या सुमारास आबांनी जुना टीव्ही घेतला. केबल नव्हती, फक्त अँटेना. त्यावर राष्ट्रीय कार्यक्रम हिंदीत आणि अहमदाबाद केंद्राचे गुजरातीत. मराठी कार्यक्रम पाहायचे तर गावी जावे लागे. व्योमच्या वेळी अर्धी चाळ आमच्या खोलीत जमायची. पहिल्याच दिवशी आजीने पडद्याकडे बोट करून विचारले, "हाऊ कोठला से?" मी सांगितले, "सोमण म्हणजे आपलाच, मराठी." आजी म्हणाली, "मंग मराठी का बरं नही बोलस?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसरी अडचण आबांची होती. बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि एका छपराखाली शंभराच्या वर माग. त्या खडखडाटात वीस वर्षे काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. आबांना टीव्हीचे बोलणे कळत नसे. चित्र मात्र ते आवडीने बघत. मग मी त्यांच्या उजव्या कानाशी बसून एकेक वाक्य मोठ्याने मराठीत सांगू लागलो. सांगता सांगता पदरचेही घालू लागलो. यान वळले की ते नंदुरबारवरून वळे. गुन्हेगार लपला की सातपुड्यात लपे. वरचा भैया ओरडे, "अरे, थोडा धीरे!" पण आजी खूश होती, तिचा सोमण मराठी बोलू लागला होता. इतकी वर्षे माझ्या मनात घुमत राहिला तो आवाज व्योमचा नव्हताच. तो तेरा वर्षांच्या माझाच होता.

आज पाहताना मालिकेतले उणे चटकन दिसते. यानांना वजन नाही, ग्रह रबरी चेंडूंसारखे वाटतात, स्फोट झाला तरी भिंत हलत नाही. पण संगणकावर अशी दृश्ये आपल्याकडे नुकतीच कुठे बनू लागली होती, हे लक्षात घेतले तर त्या माणसांच्या धाडसाचे कौतुकच वाटते. आणि दुसरेही एक दिसते. प्रत्येक काळ भविष्याचे चित्र काढताना स्वतःचेच चित्र काढत असतो. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर डोळे वटारून बसले असताना 'स्टार ट्रेक'ने एकाच यानात काळी उहुरा, जपानी वंशाचा सुलू आणि रशियन चेकॉव्ह यांना कामाला लावले. आपली मालिका आली ती पोखरणच्या १९९८ सालच्या अणुचाचण्यांच्या वर्षात, आणि तिने साऱ्या जगाला एकच सरकार देऊन टाकले. आमच्या खोलीत ओडिया, भैया, सुरती आणि खानदेशी एकाच चटईवर बसून ते बघत होते. 'व्योम' हा शब्द त्यांच्यापैकी कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

मराठीत भविष्यकाळ नव्हता असे मात्र नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. केंब्रिजला नाव कमावलेल्या माणसाला आकाशातल्या गोष्टी मराठीत सांगताना कमीपणा वाटला नाही. महापालिकेच्या मराठी शाळेत आमच्या गुरुजींनी त्यांची एक गोष्ट वर्गात वाचून दाखवली होती. मे २०२५ मध्ये नारळीकर गेल्याची बातमी आली तेव्हा मला ते गुरुजी आधी आठवले. गोष्ट लिहिणारा पुण्यात होता, पण सुरतेत ती आमच्यापर्यंत पोचली ती कुणीतरी मोठ्याने वाचली म्हणून. दोन राज्यांच्या, दोन भाषांच्या मधोमध राहणाऱ्या आपल्यासारख्यांकडे भाषा टिकते ती बहुधा अशीच. पडद्यावर ती नसेल तर कानाशी बसून कुणीतरी सांगावी लागते.

त्या दिवशी आबाही खोलीत होते. आता त्यांना कानाचे यंत्र आहे. व्योमचा मूळ आवाज त्यांनी जन्मात पहिल्यांदाच ऐकला. सबंध भाग त्यांनी नीट बसून पाहिला. संपल्यावर मला म्हणाले, "तू सांगे तो येगळा व्हता."

मी काय बोलणार? पुढचा भाग सुरू झाला तसे त्यांनी कानातले यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात ठेवले, नातीला उजव्या बाजूला बसवले आणि म्हणाले, "तू सांग आते."

ती इंग्रजी शाळेत जाते आणि गल्लीत गुजराती बोलते. थोडी अडखळली, मग आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगू लागली. तिच्या मराठीत निम्मे शब्द गुजराती होते. आबा मान डोलवत होते. त्यांना सगळे कळत होते.