साम-इल : तेहतीस हालचालींतील इतिहास

१९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या अमलाखाली होता. स्वातंत्र्यानंतर तेथील आखाड्यांत शिकवले जाणारे ठरावीक हालचालींचे क्रम बहुतांशी जपानी कराटेतील ‘काता’च होते. सेनाधिकारी चोई होंग ही यांनी तायक्वांदोसाठी नवे क्रम रचले आणि त्यांतील अनेकांना कोरियन देशभक्तांची नावे दिली. ‘साम-इल’ म्हणजे तीन-एक, अर्थात १ मार्च. १९१९ साली त्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या स्वातंत्र्यघोषणेवर ३३ जणांच्या स्वाक्षऱ्या होत्या. या क्रमातील हालचालीही ३३च. मूळ साचा परकीय होता, हे नाकारण्याचे कारण नाही. सत्ताधीशांकडून आलेल्या विद्येत आपल्या हुतात्म्यांची स्मृती गुंफून ती मुलांच्या हाती सोपवणे, हेच त्या राष्ट्राचे कर्तृत्व. तायक्वांदो शिकणारे आपले पाल्य नकळत त्या स्मृतीचेही वाहक होतात.