नागफणीखालची अडवाट

परवा रविवारी पुन्हा एकदा नागफणीला जाऊन आलो. लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीच्या पुढे कुरवंडे गाव, आणि तिथून वर. कड्यावरून खाली कोकण दिसलं की मला दर वेळी कारतलबखान आठवतो.

१६६० मध्ये शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. उत्तर कोकण जिंकायला त्याने या उझबेक सरदाराला धाडलं, सोबत माहूरची रायबागन. खानाने नेहमीचा बोरघाट टाळला आणि लोहगडाच्या बाजूने येऊन कुरवंड्याची अडवाट धरली. हेतू एकच, शिवाजी महाराजांना पत्ता लागायच्या आत खाली उतरायचं.

आता गंमत बघा. मोहीम गुप्त, पण वाटेतली सगळी गावं मावळातली! महाराजांना हेरांकडून खबर आधीच लागली होती. त्यांनी खानाला घाटात अडवलंच नाही, निवांत उतरू दिलं. खाली चावणीजवळ उंबरखिंडीत दाट झाडीत माणसं बसवली आणि फौज आत शिरल्यावर पुढची-मागची वाट बंद केली. तारीख २ फेब्रुवारी १६६१. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग सविस्तर आहे. शेवटी रायबागननेच खानाला शरण जायला सांगितलं. सगळं सामान तिथेच टाकून खान सुटला.

दोन वर्षांनी अगदी उलटा डाव. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज मोजक्या माणसांनिशी लाल महालात घुसले. बाहेर मोगलांची अफाट छावणी होती. शाहिस्तेखान बोटांवर निभावला आणि पाठलाग सुरू व्हायच्या आत महाराज निसटले. कारण साधं आहे. लाल महाल म्हणजे त्यांचं लहानपणचं घर!

म्हणजे चोरवाट दोघांनीही धरली, पण मुलूख एकाचाच होता. आपण तलवारीचं कौतुक करतो. हेरांपर्यंत बातमी पोचवणारे कोण असतील? माझा अंदाज, गुराखी, लाकूडतोडे, पाणी भरणाऱ्या बाया. त्यांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत.

असो. उतरताना एका गुराखी मामांनी हटकलं, "वर जाताना सात होता ना? आता सहाच?"

सातवा मागे बुटाची नाडी बांधत होता. आणि चढताना आम्हाला मामा दिसलेसुद्धा नव्हते..